सीडी आहे, पण गेम चालत नाही

प्रस्तावना

चित्र, आवाज, संगीत आणि चलच्चित्र यांना एकत्र गुंफून खेळणाऱ्याच्या हाती सोपवणारे संगणकीय खेळ म्हणजे मल्टिमीडिया गेम. घरगुती संगणकावर ते खऱ्या अर्थाने अवतरले ते सीडी-रॉममुळे. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मजकूर मावत असे आणि एका सीडीत सुमारे ६५० एमबी, म्हणजे साडेचारशे फ्लॉपींचा ऐवज. फ्लॉपीच्या काळात पात्रांचे संवाद पडद्यावर वाचावे लागत. सीडी आल्यावर नटांचे आवाज ऐकू येऊ लागले, खरे वाद्यसंगीत वाजू लागले आणि टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत का होईना, व्हिडिओ हलू लागला. १९९३ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘मिस्ट’ आणि ‘द सेव्हन्थ गेस्ट’ या दोन गेमनी तर अनेकांना सीडी ड्राइव्ह विकत घ्यायला लावला. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा ‘मिस्ट’ म्हणजे एका निर्जन बेटाची सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे आणि त्यांत पेरलेले छोटे व्हिडिओ. ‘द सिम्स’ने २००२ मध्ये मागे टाकेपर्यंत तो संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम होता.

त्या काळातल्या सीडी अजून पुष्कळ कपाटांत आहेत. आजच्या लॅपटॉपला बहुधा सीडी ड्राइव्ह नसतो. बाहेरून जोडून सीडी आत घातली तरी बहुतेक वेळा काहीच घडत नाही. फाइली दिसतात, त्यांची नावे वाचता येतात, गेम मात्र सुरू होत नाही. जतनाचा विषय इथून सुरू होतो, कारण सीडी सांभाळणे आणि गेम सांभाळणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. नाटकाची संहिता ग्रंथालयात असते, पण प्रयोगाला नट, रंगमंच आणि दिवे लागतात. गेमच्या बाबतीत फाइली ही संहिता, आणि ज्या यंत्रावर, ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, ज्या साउंड कार्डावर तो चालत असे ते सारे मिळून प्रयोग होतो. त्यातले एकेक अंग बाजारातून नाहीसे झाले आहे.

गेम बंद पडण्याची कारणे एकसारखी नाहीत, म्हणून त्यांचे इलाजही निरनिराळे आहेत. ॲपलने मॅकिंटॉशचा प्रोसेसर १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा बदलला. दर वेळी जुने प्रोग्रॅम काही वर्षे चालवण्याची सोय दिली आणि नंतर ती काढून घेतली. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २००७ मधल्या आवृत्तीत जुन्या ‘क्लासिक’ प्रोग्रॅमांची सोय गेली आणि २०१९ मध्ये ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांचीही गेली. मायक्रोसॉफ्टने जुन्याची साथ जास्त काळ केली, तरी विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच मिळते. यातून एक विचित्र प्रकार घडतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातले कित्येक गेम स्वतः ३२ बिटांचे आहेत आणि आजही चालू शकतील, पण ते संगणकावर चढवणारा इन्स्टॉलर १६ बिटांचा आहे. घर शाबूत, पण दार उघडत नाही.

व्हिडिओची कहाणी वेगळी. सिनेपॅक, इंडिओ, स्मॅकर अशा पद्धतींनी आकुंचित केलेले व्हिडिओ उलगडण्यासाठी जुळणारा कोडेक लागतो. अनेक सीडींना त्यासाठी विंडोजवर क्विकटाइम लागत असे, आणि ॲपलने २०१६ मध्ये विंडोजसाठीचे क्विकटाइम सोडून दिले. रंगांचाही घोळ आहे. जुने गेम पडदा २५६ रंगांच्या तक्त्यावर आणायला सांगत. आजच्या पडद्यांना ती भाषाच माहीत नाही, म्हणून कधी सगळे आकाश जांभळे दिसते, तर कधी गेम नुसता संदेश देऊन बंद पडतो.

वेगामुळे होणारा बिघाड सर्वांत गमतीचा. १९८०च्या दशकातले अनेक गेम प्रोसेसरच्या गतीवरच वेळ मोजत. वेगवान यंत्रावर त्यांतली पात्रे दिसेनाशा वेगाने पळत सुटत. गती कमी करणारे ‘टर्बो’ बटण तेव्हाच्या कॅबिनेटवर असे ते याचसाठी. याचे अगदी जवळून पाहण्याजोगे उदाहरण म्हणजे बोर्लंडच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम. या भाषेबरोबर येणारा सीआरटी नावाचा भाग प्रोग्रॅम सुरू होताच ५५ मिलिसेकंदांत रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजत असे आणि त्या आकड्याला ५५ ने भागत असे. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत बसेल हे गृहीत होते. सुमारे २०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले तेव्हा ते उत्तर त्या मर्यादेबाहेर गेले आणि प्रोग्रॅम पहिल्याच क्षणी ‘रनटाइम एरर २००’ म्हणून मरू लागला. त्रुटीचा क्रमांक आणि मेगाहर्ट्झ यांचा मेळ हा योगायोग. गेम लिहिणाऱ्याने यात काहीच चूक केलेली नव्हती. यंत्र फार चांगले झाले, एवढाच काय तो दोष.

जतनाची पहिली पायरी म्हणजे माध्यमावरून मजकूर बिनचूक उचलणे. ही पायरी सोपी वाटते आणि इथेच सर्वाधिक नुकसान होते. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन क्षीण होते. सीडीचा ॲल्युमिनियमचा परावर्तक थर हवा शिरली की गंजतो. फ्लॉपीसाठी ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखी छोटी उपकरणे मिळतात. ती फाइली न वाचता चुंबकीय बदलांची नोंद जशीच्या तशी घेतात. कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम सदोष बनवलेले ट्रॅकही त्यामुळे उचलले जातात.

सीडीच्या बाबतीत फसगत होते ती संगीतामुळे. त्या काळच्या अनेक गेममध्ये पहिल्या ट्रॅकवर प्रोग्रॅम आणि पुढच्या ट्रॅकांवर साध्या ऑडिओ सीडीसारखे संगीत असे. गेम चालू असताना ड्राइव्ह ते संगीत थेट वाजवी. प्रोसेसरला त्याचा भार नसे. अशी सीडी संगणकात घातली की बहुतेक वेळा फक्त फाइलींचा भाग दिसतो. त्या फाइली कॉपी करून ठेवल्या, किंवा आयएसओ प्रतिमा (सीडीवरच्या डेटाची एकाच फाइलीतली नक्कल) बनवली, तर डेटा येतो आणि संगीत मागेच राहते. सीडीच्या एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. डेटाच्या सेक्टरमध्ये त्यांतले २,०४८ वापरात येतात आणि बाकीचे मुख्यतः चुका शोधून दुरुस्त करण्याच्या कामी जातात. ऑडिओ मात्र सर्वच्या सर्व २,३५२ बाइट वापरतो. म्हणून अशा सीडीची प्रतिमा बिन-क्यूसारख्या स्वरूपात घ्यावी लागते. त्यात कच्चे सेक्टर आणि ट्रॅकांचा नकाशा दोन्ही राहतात. लुकासआर्ट्सच्या ‘लूम’ या गेमची १९९२ मधली सीडी आवृत्ती हे याचे टोकाचे उदाहरण. तिच्यात पात्रांचे संवादच ऑडिओ ट्रॅकमध्ये आहेत. ट्रॅकची लांबी मर्यादित, म्हणून संवाद छाटून नव्याने लिहावे लागले होते. ऑडिओ ट्रॅक हरवलेली ‘लूम’ची प्रत म्हणजे मुका नट.

कॉपी-संरक्षण हा आणखी एक अडसर. सुरुवातीचे संरक्षण कागदी होते. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’सोबत एक फिरती पुठ्ठ्याची चकती येई. ती फिरवून समुद्री चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि त्याच्याशी निगडित साल पडद्यावर टाइप करायचे. काही गेम पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा शब्द विचारीत. खोके आणि पुस्तिका फेकून दिलेल्याच्या हाती पूर्ण गेम असूनही तो निरुपयोगी ठरे. पुढे हे काम सेफडिस्क आणि सिक्युरॉमसारख्या प्रणालींकडे गेले. त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खोलवर हात घालीत, आणि सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० पासून त्यांचा जुना मार्ग बंद झाला. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी चालत नाही आणि संरक्षण तोडलेली प्रत चालते. कायद्याने वागणाऱ्यालाच शिक्षा होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

उचललेला मजकूर पुन्हा चालवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला एम्युलेशनचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभी करण्याचा. डॉस गेमसाठी डॉसबॉक्स हे नाव सर्वश्रुत आहे. २००२ पासून लोकांसमोर असलेला हा मुक्त प्रोग्रॅम नेदरलँड्समधल्या दोघा प्रोग्रॅमरांनी सुरू केला. तो प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर आणि डॉस यांची नक्कल करतो. त्यात सायकल नावाचा आकडा कमीजास्त करून नकली प्रोसेसरचा वेग ठरवता येतो आणि वर सांगितलेली पळापळ थांबते. डॉसबॉक्समध्ये विंडोज ३.१ चढवून त्यावर मल्टिमीडिया सीडी चालवणारेही पुष्कळ आहेत.

एम्युलेशनमध्ये गेमला काही बदलल्याचे कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र नक्कल किती बारकाईने करायची याला अंत नसतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिएरासारख्या कंपन्या रोलंड एमटी-३२ या महागड्या यंत्रासाठी संगीत रचत. साध्या साउंड कार्डावर तेच संगीत पिपाणीसारखे वाजे. आज मंट नावाचा प्रोग्रॅम त्या यंत्राची नक्कल करतो, पण त्यासाठी मूळ यंत्राच्या रॉममधला मजकूर लागतो, आणि त्यावर हक्क रोलंडचा आहे. चित्राचे तसेच. डॉस गेमचे चित्र रुंदीत ३२० आणि उंचीत २०० ठिपक्यांचे असे, पण ते चारास तीन या प्रमाणातल्या पडद्यावर ताणले जाई. प्रत्येक ठिपका चौरस नसून किंचित उभा होता. चित्रकाराने ते ध्यानात घेऊनच रेखाटले होते. आजच्या पडद्यावर ठिपके चौरस दाखवले की चंद्र अंड्यासारखा आडवा होतो आणि पात्रे बुटकी दिसतात. उंची १.२ पट केली की सर्व जागेवर येते. हे न करता छापलेली जुन्या गेमची चित्रे अभ्यासग्रंथांतही आढळतात.

दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आणि अधिक टिकाऊ. त्यात यंत्राची नक्कल होत नाही. गेममधला जो भाग यंत्राशी बोलत होता तो नव्याने लिहिला जातो. चित्रे, आवाज, संवाद आणि कथेची सूत्रे मूळ सीडीवरचीच राहतात. त्यांना वाचून चालवणारा इंटरप्रिटर तेवढा नवा असतो. हे शक्य झाले ते मूळ निर्मात्यांच्या एका दूरदृष्टीमुळे. ती त्यांनी जतनासाठी दाखवली नव्हती, कामाचा उरक वाढावा म्हणून दाखवली होती.

१९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्समध्ये, म्हणजे पुढच्या लुकासआर्ट्समध्ये, रॉन गिल्बर्ट ‘मॅनियॅक मॅन्शन’ बनवत होते. कमोडोर ६४ या संगणकाच्या असेम्ब्ली भाषेत प्रत्येक खोली आणि प्रत्येक संवाद लिहिणे जिकिरीचे होते. म्हणून त्यांनी चिप मॉर्निंगस्टार आणि एरिक विल्मंडर यांच्या साथीने स्कम नावाची स्वतंत्र पटकथेची भाषा तयार केली. अमुक पात्राने तमुक जागी चालत जावे, दार उघडावे, मग हे बोलावे, अशा सूचना त्या भाषेत लिहायच्या. त्यांचे रूपांतर बाइटकोड नावाच्या संक्षिप्त आकड्यांत होई आणि एक इंटरप्रिटर ते आकडे वाचून कृती करी. गेम दुसऱ्या संगणकावर न्यायचा झाला तर फक्त इंटरप्रिटर नव्याने लिहावा लागे. पुढची दहा वर्षे कंपनीने ‘मंकी आयलंड’, ‘डे ऑफ द टेन्टॅकल’, ‘फुल थ्रॉटल’ असे गेम याच पायावर उभे केले. ‘डे ऑफ द टेन्टॅकल’मधल्या एका संगणकावर तर अख्खा ‘मॅनियॅक मॅन्शन’ खेळता येतो.

२००१ मध्ये स्वीडनचे लुडविग स्ट्रिगेयस यांनी व्हिन्सेंट हॅम यांच्या साथीने हा इंटरप्रिटर बाहेरून, मूळ सोर्स कोड न पाहता, पुन्हा लिहायला घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कमव्हीएमची पहिली आवृत्ती निघाली. असे काम कसे चालते याची कल्पना एका तपशिलावरून येईल. लुकासआर्ट्सच्या १९९०च्या दशकातल्या गेमची मोठी फाइल साध्या संपादकात उघडली तर अर्थहीन चिन्हांचा सडा दिसतो. त्यात अर्धविराम, दोन अँपरसँड आणि एक डॉलर असा चार चिन्हांचा गट पुनःपुन्हा येतो. फाइलीतल्या प्रत्येक बाइटवर १०५ या आकड्याने एक्स-ऑर ही उलटसुलट करता येणारी क्रिया केलेली आहे. तीच क्रिया पुन्हा केली की त्या चार चिन्हांतून इंग्रजीतला ‘रूम’ हा शब्द मोठ्या अक्षरांत उमटतो. इथून एका खोलीचा मजकूर सुरू होतो. पुढे तिचे चित्र, तिच्यातल्या वस्तू, पात्रांचे पोशाख, आवाज, पटकथा असे कप्पे सापडत जातात. मग पटकथेतला एकेक आकडा म्हणजे कोणती कृती, हे मूळ गेम चालवून, त्याचा यंत्रसंकेत उलगडून, ताडून पाहावे लागते. दिशादर्शक पुस्तिका नसते. चूक झाली तर पात्र भिंतीत शिरते किंवा गेमच्या शेवटच्या अंकात एक दार उघडत नाही, आणि ते कळायला कोणीतरी तिथपर्यंत खेळावे लागते.

स्कमव्हीएम नावाने स्कमचा असला तरी आता तो शेकडो इतर गेम चालवतो. सिएराच्या जुन्या गेमसाठी फ्रीस्की हा स्वतंत्र प्रकल्प होता, तो २००९ मध्ये त्यात सामील झाला. ‘ग्रिम फँडँगो’सारख्या त्रिमिती गेमचा रेसिड्युअलव्हीएम हा जोडप्रकल्पही २०२० मध्ये मिसळला. ‘मिस्ट’ आणि त्याचा १९९७ मधला पुढचा भाग ‘रिव्हन’ स्कमव्हीएमवर चालतात. ‘रिव्हन’ पाच सीडींवर होता आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना खेळ थांबवून सीडी बदलावी लागे. नव्या इंटरप्रिटरला पाचही सीडींच्या फाइली एका फोल्डरमध्ये दिल्या की ती कटकट मिटते. समोर आलेला गेम कोणता, कोणत्या भाषेतला आणि कितव्या आवृत्तीचा, हे हा प्रोग्रॅम फाइलींच्या आकारावरून आणि त्यांच्या पहिल्या काही हजार बाइटांवरून काढलेल्या एमडी५ या ठशावरून ओळखतो. त्यामुळे कोणाच्या तरी कपाटातून निघालेली अनोळखी भाषांतरित आवृत्ती ही या लोकांच्या दृष्टीने मोठी बातमी असते.

या कामात कधी निर्मात्यांची मदत मिळते, कधी नाही. ब्रिटनच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने ‘बिनीथ अ स्टील स्काय’ या १९९४ मधल्या गेमचा सोर्स कोड प्रकल्पाला दिला आणि २००३ मध्ये तो गेम सर्वांना फुकट वाटायची मुभा दिली. उलट टोकाला ‘ब्लेड रनर’. वेस्टवुडने १९९७ मध्ये चार सीडींवर आणलेल्या या गेमचा सोर्स कोड हरवला होता. त्यातली काही पात्रे मानव की यंत्रमानव हे दर खेळात नव्याने ठरते, म्हणजे गेम पूर्ण खेळूनही त्याचे वागणे पूर्ण कळत नाही. कित्येक वर्षे यंत्रसंकेत उलगडत बसल्यावर २०१९ मध्ये स्कमव्हीएमने तो चालवला आणि त्याच वर्षी अखेरीस तो पुन्हा विक्रीला आला. हौशी लोकांनी विनामोबदला केलेल्या कामावर बाजार उभा राहिला. त्यात गैर काही नाही, कारण स्कमव्हीएमचा मुक्त परवाना तशी मुभा देतो. फक्त श्रेय द्यावे आणि परवान्याच्या अटी पाळाव्यात, एवढी अपेक्षा असते.

प्रत्येक गेममध्ये पटकथा आणि यंत्र अशी स्वच्छ फाळणी नसते. पण मल्टिमीडिया सीडींच्या एका मोठ्या गटाला सुदैवाने समान पाया आहे. तो म्हणजे मॅक्रोमीडियाचा डिरेक्टर आणि त्याची लिंगो ही भाषा. चित्रकार, शिक्षक, लेखक अशा प्रोग्रॅमर नसलेल्या लोकांनी डिरेक्टरमध्ये गोष्टी, ज्ञानकोश आणि खेळ बनवले. मॅक्रोमीडिया विकत घेणाऱ्या ॲडोबीने २०१७ मध्ये डिरेक्टर बंद केला. लिंगोच्या इंटरप्रिटरचे काम स्कमव्हीएममध्ये चालू आहे आणि ते स्कमपेक्षा अवघड आहे, कारण प्रत्येक निर्माता ती भाषा आपल्या पद्धतीने वाकवत असे. ब्राउझरमधल्या फ्लॅश गेमवर तीच पाळी आली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणेच बंद केले. रफल हा मुक्त एम्युलेटर आणि फ्लॅशपॉइंट हा संग्रह आधीपासून तयारीत होते म्हणून बरेच काही वाचले. सूचना मिळाल्यावर वेळेत हालचाल झाली, असे या क्षेत्रात क्वचितच घडते.

संस्थांचा शिरकाव उशिरा झाला. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने पुस्तकांप्रमाणे सॉफ्टवेअर आणि मल्टिमीडिया कृतीही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक केले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचे स्ट्राँग संग्रहालय आणि इंटरनेट आर्काइव्ह यांचे काम मोठे आहे. आर्काइव्हने २०१५ च्या सुरुवातीला सुमारे २,४०० डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये चालवायची सोय केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ऱ्हायझोम या संस्थेने थेरेसा डंकन यांच्या ‘चॉप सुई’, ‘स्मार्टी’ आणि ‘झिरो झिरो’ या मुलींसाठीच्या तीन सीडी फ्रायबुर्ग विद्यापीठात विकसित झालेल्या एम्युलेशन सेवेद्वारे पुन्हा खेळण्याजोग्या केल्या. त्या तिन्हींचा खप अफाट नव्हता, त्यांचे चाहते टोळ्यांनी कामाला लागलेले नव्हते. हौशी जतनाची मर्यादा अशा ठिकाणी उघडी पडते. लोक आपल्या आवडीचे वाचवतात, आणि ती आवड बहुधा साहसकथा आवडणाऱ्या मुलग्यांची होती. बाकीच्यासाठी संस्थाच हव्यात.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात असा. नुसता एम्युलेटर किंवा इंटरप्रिटर लिहिणे बेकायदेशीर नाही. जुळवून घेण्यासाठी दुसऱ्याचा प्रोग्रॅम उलगडून पाहणे अमेरिकी न्यायालयांनी १९९२ आणि २००० मधल्या निकालांत मान्य केले आहे. अडचण गेमच्या मजकुराची आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कायदेशीर मार्गाने मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधल्या पाहणीत आढळले. हक्क मात्र जिवंत असतात. कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, आणि हक्क कोणाकडे गेले हे कधीकधी हक्कदारालाही ठाऊक नसते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकीय प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. कलम ५२ नुसार प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या धोक्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत काढता येते. पण ही सवलत प्रोग्रॅमला आहे. त्याच सीडीवरचे संगीत आणि चित्रफिती यांचे काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा.

नव्या चित्रांसह, नव्या संगीतासह काढलेल्या आवृत्त्या हे जतन मानावे काय? मानू नये. त्या विकत घ्याव्यात, आनंदाने खेळाव्यात, पण त्या नव्या कृती आहेत. २००९ मधल्या ‘मंकी आयलंड’च्या नव्या आवृत्तीत एक कळ दाबली की जुने चित्र परत येते. हा सौजन्याचा नमुना सर्वांनी गिरवावा असा आहे. ‘ब्लेड रनर’ची २०२२ मधली सुधारित आवृत्ती आली तेव्हा जुनी विक्रीतून काढली गेली आणि खेळणाऱ्यांनी ओरड केल्यावर परत आणावी लागली. चुकांबाबतही हेच. मूळ गेममधल्या काही चुका दुरुस्त केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. वेगवान यंत्रावर ‘ग्रिम फँडँगो’तले लिफ्ट आणि फोर्कलिफ्टचे कोडे सुटत नसे, ते सुधारायलाच हवे. पण चित्रातली एखादी गफलत किंवा संवादातली चूक ही त्या कृतीच्या इतिहासाचा भाग आहे. दुरुस्ती बंद करता येण्याची सोय ठेवणे हा त्यातला शहाणपणाचा मार्ग.

मराठी वाचकाला हा विषय परदेशी वाटण्याचे कारण नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मराठीतही शैक्षणिक, बालगीतांच्या आणि संतसाहित्याच्या मल्टिमीडिया सीडी निघाल्या. त्यांच्यापुढे वरच्या सर्व अडचणी आहेतच, शिवाय एक खास आपली आहे. विंडोज २००० पूर्वी विंडोजवर देवनागरीची युनिकोड सोय नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्री-लिपीसारखी सॉफ्टवेअर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. तो विशिष्ट फाँट संगणकात नसेल तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला दिसतो. एम्युलेटरने गेम चालला तरी वाचता येत नाही. म्हणून मराठी सीडी जपताना तिच्यासोबत फाँटही जपावा लागतो. फाँटचे कोष्टक हाती असले की मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, नसेल तर अक्षर अक्षर जुळवत बसावे लागते. स्कमसाठी स्वीडनमधून धावून येणारे कोणी होते. या सीडींसाठी मराठी भाषकांशिवाय दुसरे कोणी येण्याचा संभव नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात अशा सीडी असतील त्यांनी हे काम आजच हाती घ्यावे. फाइली ओढून कॉपी करू नयेत. सर्व ट्रॅकांसह बिन-क्यू प्रतिमा घ्यावी आणि दोनदा घेऊन ठसे जुळतात का पाहावे. खोके, पुस्तिका, अनुक्रमांकाची चिठ्ठी आणि सीडीचा दर्शनी भाग स्कॅन करावा. इन्स्टॉल करताना संगणकात गेलेले फाँट वेगळे काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी साठवावी. आणि एवढे सगळे झाल्यावरही मूळ सीडी भंगारात देऊ नये, कारण प्रतिमा घेताना काय निसटले ते बहुधा काही वर्षांनी कळते.